एका पुडीतले डोळे

भुसेकाका हे काही त्यांचं आडनाव नव्हे. संग्रहालयाच्या तळघरात जन्मभर मेलेल्या प्राण्यांच्या कातड्यांत भुसा भरला, म्हणून लोकांनी चिकटवलेलं नाव. वाघ, माकडं, घुबडं त्यांच्या हातून उभी राहिली. पण जिवंत म्हणाल, तर दारातल्या मांजरीपलीकडे त्यांनी फारसं काही पाहिलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर लेकीने हट्टच धरला आणि त्यांना नि काकूंना पर्जन्यवनाच्या राष्ट्रीय उद्यानात धाडलं. काकांना तिथे एकच गोष्ट बघायची होती, धनेश पक्ष्यांची जोडी. काचेच्या कपाटातली त्यांची धनेशांची जोडी सगळ्यात नावाजलेली. आपण ती हुबेहूब केली ना, एवढं एकदा कळलं की सुटलो, असं ते काकूंना शंभरदा म्हणाले होते.

पण जंगलात पाऊल ठेवलं आणि काका पार गांगरले. वाटाड्या बोट दाखवून म्हणायचा, "ते बघा माकड!" काका बघतात तर पानं. "ती बघा खार!" पुन्हा पानंच. त्यांच्या कपाटातला प्रत्येक प्राणी कसा समोर तोंड करून, पाय रोवून उभा असायचा! इथे एक जण धड उभा राहील तर शपथ.

"मला काहीच दिसत नाहीये गं. चष्मा बिघडला का?"

"चष्मा डोक्यावर आहे तुमच्या," काकू म्हणाल्या.

एवढ्यात वर पंखांचा मोठा आवाज झाला आणि समोरच्या उंबरावर दोन धनेश येऊन बसले. काकांनी वाटाड्याच्या हातातली दुर्बीण जवळजवळ हिसकावलीच. नराचा डोळा लाल. बरोबर! मग त्यांनी दुर्बीण मादीकडे वळवली. तिचा डोळा पांढरा होता.

"हिला काही आजार आहे का हो?"

"छे! मादीचा पांढराच असतो, काका."

काकांनी दुर्बीण खाली घेतली. मेलेल्या पक्ष्याचा डोळा राहतोच कुठे? आत काचेचा बसवायचा. आणि त्यांच्या उस्तादांनी शिकवलं होतं, जोडी असली की डोळे एकाच पुडीतून काढायचे, म्हणजे दोघं एकमेकांना शोभतात. काकांनी तेच केलं. म्हणजे ती बिचारी इतकी वर्षं नवऱ्याचे डोळे घेऊन शाळेच्या पोरांकडे बघत बसली होती!

पक्षी उडून गेले तरी काकांच्या डोक्यातला गुंता काही सुटेना. उन्हामुळे तसं वाटलं असेल का? वाटाड्याच थापा मारत असेल का? विश्रामगृहाच्या बाकावर त्यांनी काकूंना तिसऱ्यांदा विचारलं, "तू पाहिलास ना? पांढराच होता?"

"मी कुठे पक्षी बघत होते! तुम्ही घसराल म्हणून तुमच्याकडेच लक्ष होतं माझं."

"इतकी वर्षं मी रोज त्यांच्यासमोरून गेलो. मला कसं कळलं नाही गं?" काका म्हणाले. त्यांना खरोखर रडू येत होतं.

काकू त्यांच्याकडे वळल्या. "डोळे मिटा बघू. मिटलेत? आता सांगा, माझे डोळे कसल्या रंगाचे?"

"काळे," काका झटकन म्हणाले.

"नक्की?"

"म्हणजे... माझ्यासारखेच ना?"

"उघडा आता."

काकूंनी आपला चष्मा काढून मांडीवर ठेवला होता. डोळे घारे होते. चांगले लख्ख घारे, कडेला थोडी हिरवट झाक असलेले. काका बघतच राहिले.

"हे... हे कधीपासून?"

"जन्मापासून," काकू म्हणाल्या आणि चष्मा परत लावायला लागल्या. काकांनी त्यांचा हात धरला.

"थांब," ते म्हणाले. "लावू नकोस इतक्यात."