हिरवळीवरचं लिडियाचं नाव

अर्लीन बोर्गर दारात उभी राहिली की ओहायोतल्या त्या गावची माणसं आधी सही करत आणि मग कशावर केली ते विचारत. चर्चच्या शुक्रवारच्या जेवणात मासळी तळायचा झारा तिच्या हातात, आणि निवडणुकीत गावाची मतंही तिच्याच हातात, असं तिची मैत्रीण रोझान म्हणायची. अर्लीनचे प्रश्न दोनच असत. उमेदवार गर्भपाताच्या विरुद्ध आहे का, आणि चर्चच्या दवाखान्यांना आपल्या धर्माप्रमाणे वागू देणार आहे का? दोन्हीला हो म्हणणाऱ्यानं मग रस्त्यांची चाळण केली तरी तिचं मत त्यालाच.

तिनं निवडून आणलेल्यांनी कायदा केला, पोटातल्या बाळाचं काळीज धडधडायला लागलं की गर्भपात बंद. त्या दिवशी अर्लीन आनंदानं रडली.

पुढे तो कायदा लागू झाला त्या उन्हाळ्यात तिच्या मुलीचं, ट्रीनाचं, पाचव्या महिन्यातच गर्भातलं पाणी गेलं. पाळणा रंगवून झाला होता, लिडिया हे नावही ठरलं होतं. मूल वाचणार नाही हे डॉक्टरांनी लगेच सांगितलं. पण त्याचं काळीज धडधडतंय तोवर आम्हाला काही करता येणार नाही, असंही सांगितलं. दवाखाना चर्चचा होता आणि तो अर्लीननंच सुचवला होता. ट्रीना तापानं फणफणली, विष रक्तात भिनलं, तेव्हा कुठे डॉक्टर हलले. पोरगी वाचली, पण गर्भाशय गेलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. अर्लीन कुणाला बोल लावणार होती? ती जपमाळ ओढत राहिली.

लिडियाला दवाखान्यानं इतर बाळांबरोबर पुरलं. नावाचा दगडही नव्हता.

त्यानंतरच्या वर्षी राज्यानं लोकांनाच विचारलं, गर्भपाताचा हक्क राज्याच्या घटनेत लिहायचा का, हो की नाही? चर्चसमोरच्या हिरवळीवर दर हिवाळ्याच्या तोंडावर पांढरे लाकडी क्रूस रोवायची रीत होती. जन्माला येऊ न दिलेल्या बाळांचे ते क्रूस. त्यांतल्या एकावर अर्लीननं काळ्या रंगात लिडियाचं नाव लिहिलं.

"ट्रीनाला विचारलंस का?" रोझान म्हणाली.

"नातीला एक फूल ठेवायला जागा हवी, त्यात विचारायचं काय?"

मतदान चर्चच्याच तळघरात होतं. ट्रीना आली, रांगेकडे निघाली आणि हिरवळीपाशीच थांबली. अर्लीन लगबगीनं तिच्याकडे गेली.

"आई, हे कुणी लिहिलं?"

"मी. म्हटलं, पोरीला कुठेतरी—"

"हे क्रूस कुणाचे असतात गं?"

चर्चच्या रविवारच्या शाळेत मुलांना अर्लीन ते स्वतःच शिकवायची.

"आईनं मारलेल्या बाळांचे," ट्रीना म्हणाली. "तूच शिकवलंस मला. सकाळपासून अख्खा गाव इथून वाचत गेलाय, ट्रीनानं लिडियाला मारलं म्हणून."

"अगं, माझ्या मनातसुद्धा नव्हतं तसं."

"तुझ्या मनात कधीच नसतं. तू मत देऊन मोकळी होतेस, भोगते मी."

अर्लीननं गुडघे टेकून तो क्रूस उपटला. तिची बोटं चिखलानं भरली. ट्रीनानं तिला उठायला हात दिला, तेव्हा अर्लीनला रडू आवरेना.

"मत दिलंस?" ट्रीनानं विचारलं.

"अजून नाही."

"मग जा. मी माझं देऊन थांबते गाडीपाशी."

मताचा कागद समोर घेऊन अर्लीन बराच वेळ उभी राहिली. आपण वाचवू पाहिलेली सगळी बाळं तिला खरी वाटत होती, आजही. पण त्याहून खरं एक होतं. आज 'हो' म्हटलं, तर आपली आजवरची मतं चुकली, म्हणजे खाटेवर तडफडणाऱ्या पोरीचे हाल आपणच केले असं होणार होतं. ते तिला पेलणारं नव्हतं. तिनं 'नाही'पुढचं वर्तुळ काळं केलं.

बाहेर ट्रीना थांबली होती. खोटं सांगितलं असतं तरी कुणाला कळणार नव्हतं. पण अर्लीन पोरीशी कधी खोटं बोलली नव्हती.

"मला हो म्हणता आलं नाही गं," ती म्हणाली. "हो म्हटलं असतं, तर तुझं हे सगळं मीच केलं असं झालं असतं."

ट्रीनानं गाडीचं दार उघडलं.

"म्हणजे तुला कळत होतं," ती म्हणाली. "तुला कळतच नाही असं समजून मी आजवर घरी येत होते, आई."