कावळ्यासाठी व्हिडिओ

बाबांच्या दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला आणि कावळे समोरच्या सुरूच्या झाडावर नुसते बसून राहिले. माझं डोकं नुकतंच भादरलं होतं. त्यावर ऊन लागतंय, एवढंच मला कळत होतं. बाकी आत सगळं बधिर.

काकांनी हात जोडले, आईला सांभाळायचं कबूल केलं. मीही केलं. कावळे ढिम्म.

"थोरल्यानं होडीचा शबूद दिला पायजे," काका म्हणाले. "तुझ्या बापाचा जीव होडीत अडकलाय."

थोरला भाऊ मालवाहू जहाजावर. फोन लागला तरी तुटायचा, म्हणून आम्ही एका ॲपवर एकमेकांना छोटे व्हिडिओ पाठवायचो. होडीत दोघांचा वाटा. ती विकली तर मला दुसऱ्याकडे खलाशी म्हणून जावं लागणार होतं. काकांचं म्हणणं मी रेकॉर्ड करून पाठवलं आणि सगळे सावलीत बसलो.

उत्तर आलं, ते मी आडोशाला जाऊन बघितलं. अंगात मळका बॉयलरसूट, डोळे सुजलेले. "मी आता मासेमारीला येनार न्हाय रे. पनवेलला घर घ्यायचाय, होडी विकू या. बाबांना खोटा कसा सांगू?"

व्हिडिओ बघून झाला आणि स्क्रीनवरून गेलाच. त्या ॲपवर पाठवलेला व्हिडिओ मागे घेता येतो; भावानं तो घेतला होता. पाठोपाठ दुसरा आला. तोंड धुतलेलं, केस विंचरलेले. "बाबा, होडी विकनार न्हाय. घरातच ऱ्हाईल."

काकांनी आवाज मोठा करून फोन पिंडापुढे धरला. कावळा उतरला, शिवला. मंडळींच्या जिवात जीव आला. मला काहीच वाटलं नाही.

संध्याकाळी त्याचा फोन लागला.

"शिवला?"

"शिवला."

"पयला बघितलास?"

"बघितला."



तो शब्दाला जागला असता, हट्टीच आहे. पण कावळ्यासाठी बोललेल्या वाक्यात सख्ख्या भावाला जन्मभर बांधून ठेवणं मला जमलं नाही. होडीला गिऱ्हाईक मीच शोधलं. आता पहाटे दुसऱ्याच्या होडीवर जातो. आमची बाजूने गेली की मी पाठ फिरवून जाळं ओढतो.

बापाला दिलेला शब्द का मोडलात, असं आई अजून विचारते. मी सांगतो, होडी मला झेपत नव्हती.