चिमणीएवढं खाणं

हे आमच्या घरात कुणालाही ठाऊक नाही. मुलांना नाही, लेकीला तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही माझ्या गिरजाला कधी पाहिलेलं नाही.

आधी अक्काच्या खानावळीबद्दल बोलू द्या — जरा धीर येईल मला. निजामाचं राज्य होतं. परभणीच्या कचेरीत मी अहलकार, म्हणजे साधा कारकून. स्टेशनाच्या वाटेवर आमच्या लिंगायत अक्काची खानावळ. अंबाडीची भाजी, भरली वांगी, जवसाची चटणी, घट्ट दही — मला सगळंच हवं असायचं, पण चमचा-चमचाभर. ताटात नाना रंग दिसले की निम्मं पोट तिथंच भरायचं. आजही कुठं जवस भाजल्याचा वास आला की मी त्या पाटावर जाऊन बसतो.

गिरजा उलटी. राणीसावरगावची, शेतात राबलेली. तिला एकच भाजी लागे, पण पोटभर. आणि भाकरी तीन. परभणीत आम्ही दोघंच, म्हणून जेवायला बरोबर बसायचो. तिचं जेवण पाहून मला — खरं सांगतो — कौतुक वाटायचं. पण ते घरात.

एकदा तिला अक्काकडं घेऊन गेलो. बाहेर जेवायची तिची पहिलीच वेळ. सकाळपासून खुशीत होती. नेमके आमचे पेशकार, म्हणजे माझे वरिष्ठ, सहकुटुंब येऊन समोरच बसले. त्यांच्या बाई भाताची चार शितं चिवडणाऱ्या. गिरजाची पहिली भाकरी केव्हाच संपली होती. अक्का दुसरी घेऊन आली.

"घे गं माय, गरम हाय."

गिरजानं ताट पुढं सरकवलं. आणि मी — हसत — म्हणालो, "नको अक्का. तिचं खाणं चिमणीएवढं आहे."

का म्हणालो? पेशकार बघत होते म्हणून? त्यांनी तर मान वरही केली नव्हती.

गिरजानं माझ्याकडं पाहिलं. "पुरे झालं मला," म्हणाली. ताटात पाणी ओतलं, बोटांनी ताट धुतलं आणि ते पाणी पिऊन टाकलं. आमच्यात अन्न म्हणजे प्रसाद. ताट धुऊन प्यालं की जेवण संपलं, नंतर घास घेत नाहीत. पंगत उठेपर्यंत ती तशीच बसून राहिली. आणि मी? मी अजून थोडी अंबाडी मागितली. थोडं दही. पुन्हा चटणी.

त्या दिवसापासून ती एका भाकरीवर उठू लागली. बाहेरच नाही, घरीही. मी कधी विचारलं नाही. उलट चारचौघांत सांगत राहिलो — आमच्या हिचं खाणं फार मोजकं. ती ऐकून हसायची. मला ते हसणं सोयीचं होतं.

ती गेली तेव्हा तिची भावजय आली. रडता रडता म्हणाली, "वन्सं आमच्याकडं आल्या की चुलीम्होरं बसून लय आवडीनं जेवायच्या. तीन-तीन भाकरी. म्हणायच्या, तिकडं भूकच लागत न्हाई." मग माझ्याकडं वळून, "तुमाला ठाव असंल की, दाजी?"

"हो," म्हणालो.

तेवढं एक उत्तर मी खरं दिलं. तिची भूक मला ठाऊक होती. रोज तिच्यासमोर बसून मी जेवत होतो.