खिंडीनंतरचा उतार

माझ्या वडिलांचा, म्हणजे आबांचा, डिझेल टेम्पो इतका खडखडायचा की शेजारी बसून बोलणं अशक्यच. लोणावळ्याला भाजी उतरवून परतताना ते मला कामशेतच्या शाळेतून घ्यायचे. खिंड ओलांडली की डिझेल वाचवायला इंजिन बंद करायचे आणि कान्हे गावाच्या बाजूला टेम्पो उतारावर नुसता घरंगळत जायचा. वेडेपणाच तो. पण त्या शांततेत आबा हमखास विचारायचे, "काय रं, साळंत काय शिकवलं आज?" उतार संपला, इंजिन सुरू झालं, की आमचं बोलणंही संपायचं.

यंदा इलेक्ट्रिक गाडी घ्यायची ठरवली. तळेगावात दोन पसंत पडल्या, एक वापरलेली, जुन्या मॉडेलची आणि एक नवी कोरी. लेकीचा हट्ट नवीचाच. एका चार्जिंगमध्ये ती कितीतरी लांब जाते, हे मलाही कळतं. तरी दोन्ही गाड्या मी त्याच उतारावर चालवून बघितल्या. नवीच्या पेडलवरून पाय उचलला की ती ब्रेक लावल्यासारखी आपोआप मंदावते आणि तेवढ्यात बॅटरी भरून घेते. मोठी शहाणी! माझं डोकंच फिरलं.

मग जुनीच्या पेडलवरून पाय उचलला. ती आवाज न करता घरंगळत राहिली.

"बाबा, ही नको हं, हिची बॅटरी..." शेजारी बसलेली लेक सांगू लागली.

"गप्प बस जरा," मी खेकसलो. "उतार संपेल."