सभेत वाचलेला पासवर्ड

सान मेल्चोर गावात कोणतेही पद एका वर्षापेक्षा जास्त कुणाकडे राहत नाही. मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या डोंगरातला हा शिरस्ता बँडच्या सचिवालाही लागू आहे. ग्रामसभा नेमते, पगार नसतो आणि एक जानेवारीच्या दुपारी बारा वाजता सगळे पुढच्याच्या हाती सोपवायचे. झेनायदा मेंदेसला हे पद मिळाले तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची होती. वह्या-पेन्सिली आणि झेरॉक्सचे दुकान चालवायची, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायची. बँडच्या रचनांची सूची तेव्हा माझ्याकडे होती. पुढची हकीकत मी सभेचे इतिवृत्त, सर्व्हरमधली नोंद आणि चार जणांची सांगणी ताडून लिहीत आहे. जिथे ती जुळली नाहीत, तिथे तसे नमूद केले आहे.

त्या वर्षात झेनायदाने बँडच्या कपाटातली दमट झालेली स्वरलिपी वाद्यानुसार वेगळी करून संगणकावर उतरवली आणि ढोलांच्या खोलीत एक छोटा सर्व्हर बसवला. एकतीसही वादक आपले पान फोनवर उघडू शकत, छापू शकत. बदलू मात्र शकत नसत. तो अधिकार फक्त अ‍ॅडमिनच्या खात्याला होता आणि ते खाते झेनायदाकडे होते.

एकाच रचनेने तिचे सात महिने खाल्ले. बँडचे जुने उस्ताद डॉन फिलोगोनियो यांनी लग्नाआधी डोन्या ओतिलियांसाठी एक वॉल्ट्झ लिहिला होता. पहिल्या तालमीच्या आधीच छप्पर गळले, कागद भिजले आणि वॉल्ट्झ राहिला तो राहिलाच. आता दोघेही ऐंशीच्या घरात होती. पुसट शाईतून एकेक सूर हुडकून झेनायदाने तो उभा केला आणि म्हाताऱ्याला शब्द दिला, “सहा तारखेला, सणाच्या दिवशी, चौकात ऐकवते.”

एक तारखेला पदभार सोपवताना तिने अ‍ॅडमिनचा पासवर्ड पाकिटात घालून, चिकटवून पुढे केला. नवा सचिव आर्नुल्फो हा बेकरीवाला, ट्रॉम्बोन वाजवणारा. त्याच्या मुलीची झेनायदा धर्ममाता, म्हणून तो तिला कोमाद्रे म्हणे आणि ती त्याला कोंपाद्रे.

“बंद पाकीट?” मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडले. “सभेत बंद काय असतं? लपवण्यासारखं काय आहे त्यात?”

सभापतींनी पाकीट फोडले आणि पासवर्ड खणखणीत आवाजात वाचला. लेखनिकाने तो इतिवृत्तात उतरवला. पान क्रमांक बारावर तो आजही आहे.

“जरा हळू वाचा! मोठं अक्षर कुठलं म्हणालात?” पुन्हा तोच बाक.

झेनायदाने वाचू दिले. ज्या गावात हिशेबापासून भांडणापर्यंत सगळे चारचौघांत वाचले जाते, तिथे ‘हे वाचू नका’ म्हणणे म्हणजे स्वतःवर संशय ओढवून घेणे.

तीन तारखेला तालीम झाली. ट्रम्पेटवाल्यांनी मुख्य चाल स्वतःकडे घेतली होती, सॅक्सोफोनवाल्यांनी न जमणारी ओळ काढून टाकली होती, ट्युबांच्या खर्जाच्या पानात मधेच नवे सूर घुसले होते आणि ढोलवाला तिसऱ्याच लयीत चालला होता. डॉन फिलोगोनियो दारात खुर्ची टाकून बसले होते.

“हा माझा वॉल्ट्झ?” ते म्हणाले. “यावर ओतिलिया नाचली असती, तर लग्नाआधीच पाय मोडून बसली असती.”

वादक हसले, झेनायदा हसली नाही. मी नोंद तपासली. दोन दिवसांत एकेचाळीस बदल, आणि प्रत्येकापुढे एकच नाव: अ‍ॅडमिन. कोणी काय केले, हे सांगायला कागद नव्हता.

तिच्याकडे एकतीस डिसेंबरची प्रत होती, पण पद नव्हते. माजी सचिवाने हात घातला, तर गावाने तिच्याकडे बोट दाखवले असते. ती थेट बेकरीत गेली.

“कोंपाद्रे, पासवर्ड बदला.”

“कसा बदलू, कोमाद्रे? सभेनं वाचला, सगळ्यांना कळला. आता बदलला, तर म्हणतील आर्नुल्फो पहिल्याच आठवड्यात सभेच्या वर गेला.”

“बरं. गावात शिपाई किती?”

“नऊ.”

“आणि काठ्या?”

“नऊच की. ज्याची त्याला.”

“एकच काठी नऊ जणांनी फिरवली, तर पाठीवरचा वळ बघून मारणारा ओळखाल?”

आर्नुल्फोने पिठाचे हात झटकले. “पण पासवर्ड नाही बदलायचा.”

“नका बदलू! राहू दे इतिवृत्तात. त्या खात्याचे अधिकार काढा, नुसतं वाचण्यापुरते ठेवा. पासवर्ड सगळ्यांचा, पण त्यानं दार उघडेल, सामान हलणार नाही. प्रत्येकाला त्याच्या नावाचं खातं द्या आणि अ‍ॅडमिनचे अधिकार तुमच्या नावावर घ्या.”

“सभा मोडली नाही ना?”

“एक अक्षरही नाही.”

तो इतका हसला, की एक घाणा करपला. (घाणे दोन होते, असे त्याची बायको सांगते.) मग ढोलांच्या खोलीत बसून ती सांगत गेली आणि तो एका बोटाने कळा दाबत राहिला, तिने कळफलकाला हात लावला नाही. संध्याकाळपर्यंत एकतीस खाती झाली आणि डिसेंबरची प्रत परत आली.

चार तारखेला वॉल्ट्झ जसा लिहिला होता तसा वाजला. डॉन फिलोगोनियोंनी मान हलवली आणि मग हात वर केला. “कालचं ते ट्युबांचं कुठं गेलं? मधल्या भागातली चार मापं, चार ठेक्यांचे ते नवे सूर?”

“ती चूक होती, उस्ताद. काढली,” झेनायदा म्हणाली.

“मला जन्मात सुचलं नाही ते. परत घाला.”

आर्नुल्फोने उस्तादांचेही खाते उघडून त्याला त्या एका फोल्डरपुरता बदलाचा अधिकार दिला आणि म्हाताऱ्याने ती चार मापे स्वतः, जाड भिंगांचा चष्मा लावून, बसवली. लिहिणारा कोण, म्हणून विचारताच तिन्ही ट्युबावाले एकदम उभे राहिले.

“तू? तुला तर वाजवतानाही सापडत नाही ते!”

“आणि तुला सापडलं, ते माझ्या पानावर!”

सूचीत मी लिहिले: ‘चार मापे, कर्ता अनिश्चित, दावेदार तीन.’

सहा तारखेला उन्हात चौक भरला. पहिल्या सुरांना डॉन फिलोगोनियोंनी टोपी काढली आणि डोन्या ओतिलियांपुढे हात केला.

“साठ वर्षं लावलीत,” त्या उठत म्हणाल्या. “आता पाय दुखतात, हे तरी लक्षात ठेवून नाचवा.”

दोघे नाचली, हळू, पण लय न चुकवता. वॉल्ट्झ संपताच बाई जागच्या हलल्या नाहीत. “एवढ्यावर सोडणार नाही,” त्यांनी बँडला बजावले. झेनायदाने क्लॅरिनेट पुन्हा ओठांना लावला आणि आर्नुल्फोने सगळ्यांना पहिले पान उघडायची खूण केली.