भाव करताना भाऊ गप्प बसायचे

भाऊ गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही. ती माझ्याकडेच होती, आणि पुढे मलाच द्यायची होती. सौदीत, दम्मामच्या एका हॉस्पिटलबाहेर, गाड्या लावायच्या जागेत, मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान चालू असताना मी सुनीतावहिनींचा नंबर काढून उभा होतो. समोर नाव दिसत होतं, अंगठा त्याच्यावर होता, आणि तो काही केल्या खाली येत नव्हता. मी मुळातच भित्रा माणूस. पण आपलाच अंगठा आपलं ऐकत नाही, अशी भीती त्या दिवशी पहिल्यांदा अनुभवली. शेवटी वहिनींचाच फोन आला. "भावजी, यांचा फोन लागत नाय. गाडीत हात काय तुम्ही?" मी म्हणालो, "हो वहिनी, गाडीत आहोत." आणि फोन ठेवला... नवरा गेल्यावर त्या बाईला मी पहिल्यांदा सांगितलं ते खोटं. दहा मिनिटांनी परत फोन करून खरं सांगितलं, पण त्या दहा मिनिटांत तिकडे गुहागरला त्यांनी पानं वाढायला घेतली असणार, हे माझ्या मनातून जात नाही.

दत्ताराम भुवड हे भाऊंचं पूर्ण नाव. जुबैलमधल्या एका छोट्या वर्कशॉपात ते एकोणीस वर्षं टर्नर होते. कारखान्यांतून झिजलेले शाफ्ट यायचे, ते लेथवर चढवून भाऊ पुन्हा कामाजोगे करायचे. मी लांज्याचा मंगेश, त्याच वर्कशॉपात खरेदी बघणारा आणि गाडी चालवणारा. मला अरबी बऱ्यापैकी बोलता येतं, भाऊंना एकोणीस वर्षांत 'यल्ला' आणि 'खलास'च्या पुढे फारसं आलं नाही. आमच्या कफीलला, म्हणजे मालकाला, नवीन मशीन घेणं मान्यच नव्हतं. मोबाईलवर जुन्या सामानाच्या जाहिराती बघत बसायचा त्याला नाद. एखादा लेथ, एखादी ड्रिल मशीन दिसली की फोटो मला पाठवायचा आणि खाली लिहायचा, "दत्ताला घेऊन जा." अशी आमची जोडी जमली. बोलायचं मी, बघायचं भाऊंनी.

त्या जाहिरातींची एक गंमत असते. फोटो नेहमी चांगल्या बाजूचा. किंमत बहुतेकदा लिहिलेलीच नसते. तुम्ही बोली सांगा, म्हणजे 'सूम' करा, अशी रीत. आणि पहिला आकडा जो बोलला तो हरला. भाऊ फोटो मोठा करून बघायचे आणि म्हणायचे, "मंगेश, याला सांग मागल्या बाजूचा फोटो धाड. आणि रंग नवा मारलाय तो कशापायी, ते इचार." प्रत्यक्ष मशीनपाशी गेल्यावर ते आधी लेथच्या बेडवरून, म्हणजे ज्या लांब पट्टीवरून कापायचं हत्यार सरकतं तिच्यावरून, बोट फिरवायचे. काम सगळं एका टोकाला चालतं, त्यामुळे तिथे पट्टी खाल्लेली असते. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला कळते. मग हँडल फिरवायचं, किती फिरवल्यावर हत्यार हलतं ते बघायचं. मग मशीन चालू करायला लावून पंधरा-वीस मिनिटं नुसतं ऐकायचं. एवढं झालं की ते जवळपास मिळेल त्या डब्यावर, खोक्यावर बसायचे आणि गप्प व्हायचे. एकदम गप्प. मान खाली, हात गुडघ्यांवर.

विकणाऱ्याला ते गप्प बसणं सोसवायचं नाही. तो माझ्याकडे बघायचा, "तुझ्या माणसाला काय खोट दिसली?" मला तरी काय माहीत! मी खांदे उडवायचो. तो म्हणायचा, बरं, हजार कमी. भाऊ गप्प. आणखी पाचशे कमी. भाऊ गप्प. शेवटी तो हात झटकून म्हणायचा, "आखिर कलाम!" म्हणजे आता हा शेवटचा शब्द. मग भाऊ हळूच मान हलवायचे आणि सौदा व्हायचा. वर्कशॉपात ही गोष्ट मी रंगवून रंगवून सांगायचो. मालकसुद्धा हसायचा, म्हणायचा, दत्ताचं तोंड बंद असतं तेव्हा माझा खिसा भरतो.

एकदा हुफूफच्या रस्त्यावर एका ड्रिल मशीनसाठी गेलो होतो. विकणाऱ्याने पाठवलेल्या खुणेवर पोचलो तर तिथे काहीच नव्हतं. मग तो एका जुन्या गाडीतून आला आणि मागे या म्हणाला. डांबर संपलं, वाळू लागली, मोबाईलची रेंज गेली. कुंपणाच्या आत गाडी नेली आणि मागे फाटकाला साखळी लागल्याचा आवाज आला. आत तीन माणसं, एक बांधलेला कुत्रा, आणि माझ्या पाकिटात मालकाचे रोख रियाल.  मी उगाचच मोठमोठ्याने बोलायला लागलो, हवेबद्दल, रस्त्याबद्दल, कशाबद्दलही. भाऊ एका उलट्या बादलीवर बसले आणि पंधरा मिनिटं त्यांनी तोंड उघडलं नाही. किंमत दोन हजारांनी खाली आली. साखळी लावली होती ती कुत्रा बाहेर जाऊ नये म्हणून, हे नंतर कळलं. परतताना मी म्हणालो, "भाऊ, काय जिगर तुमची! माझी तर गाळण उडाली होती." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "गाडी जरा सावकाश घे."

त्या शेवटच्या दिवशी दम्मामच्या बाहेर एका बंद पडलेल्या वर्कशॉपात लेथ बघायला गेलो. विकणारा अबू सालेह, पन्नाशीचा सौदी माणूस, पांढऱ्याशुभ्र थोबमध्ये, म्हणजे त्यांच्या पायघोळ अंगरख्यात. मशीन त्याच्या वडिलांची होती, ते गेल्यावर वर्कशॉप मोडून तो जागा भाड्याने देणार होता. दुपारची वेळ, पत्र्याची शेड, पंखा नाही. भाऊंनी बोट फिरवलं, हँडल फिरवलं, मशीन चालू करायला लावली. मग त्यांनी हात वर करून ती बंद करायला सांगितली. पाचएक मिनिटंसुद्धा चालली नसेल. हे त्यांचं नेहमीचं नव्हतं. माझ्या ध्यानात यायला हवं होतं. ते एका लाकडी खोक्यावर बसले, मान खाली, हात गुडघ्यांवर.

अबू सालेहने अठरा हजार सांगितले होते. मी भाऊंकडे बघितलं. गप्प. मी मनात म्हटलं, लागले कामाला. अबू सालेह सतरावर आला. भाऊ गप्प. त्यांच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या, पण त्या शेडमध्ये मलाही लागल्या होत्या. सोळा. साडेपंधरा. मला आतून हसू येत होतं, खरं सांगतो. मी तोंडावर दुःखी भाव आणून उभा होतो आणि मनात आज मालकाला काय सांगायचं ते जुळवत होतो. अबू सालेह चिडला. "माझ्या बापाने या मशीनवर आम्हाला वाढवलं," तो म्हणाला, "नको असेल तर नको म्हणा. असं गप्प बसून तिचा अपमान का करता?" आणि तो तावातावाने भाऊंसमोर जाऊन उभा राहिला. वाकला. मग माझ्याकडे वळला तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता. "हा भाव करत नाहीये," तो म्हणाला. "मरीद! हा माणूस आजारी आहे!"

मी धावलो. भाऊंचा चेहरा राखेसारखा झाला होता, ओठ निळसर. डावा हात गुडघ्यावर ठेवलेला नव्हता, त्यांनी तो उजव्या हाताने तिथे दाबून धरला होता. किती वेळ? पंधरा मिनिटं? वीस? तेवढा वेळ मी त्यांच्यापासून चार पावलांवर उभा राहून किंमत खाली येताना बघत होतो.

अबू सालेहने स्वतःची गाडी काढली. मागच्या सीटवर मी, माझ्या मांडीवर भाऊंचं डोकं. त्याने सिग्नल बघितले नाहीत, हॉर्नवरचा हात काढला नाही, आणि सगळा वेळ तो तोंडाने दुआ पुटपुटत होता. मी काय करत होतो ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही, इथे लिहितो. मी माझ्या इकाम्याचा, म्हणजे इथे राहायच्या परवान्याचा, विचार करत होतो. परक्याच्या जागेत माणूस दगावला तर पोलीस मला काय विचारतील, मला इथे अडकवून ठेवतील का, माझ्या मुलांचं काय... जिवाभावाचा माणूस मांडीवर तडफडत होता आणि मी माझी कातडी वाचवायचा हिशेब करत होतो. त्याच वेळी भाऊंनी डोळे उघडले. "मंगेश," ते म्हणाले, "घरी आताच नको सांगूस." "नाही सांगत भाऊ," मी म्हटलं, "तुम्हीच सांगा, संध्याकाळी." त्यांनी माझं मनगट पकडलं. शाफ्ट पेलणारा हात तो, पण त्या पकडीत जोर नव्हता. 

हॉस्पिटलात त्यांना आत नेलं आणि दार मिटलं. अबू सालेह माझ्याशेजारी बसून राहिला, त्याने मला पाणी आणून दिलं, अर्जावर भाऊंचं नाव मी सांगितलं तसं अरबीत लिहिलं. डॉक्टर हैदराबादचे होते. बाहेर येऊन त्यांनी हिंदीतच सांगितलं. मी त्यांना एकच विचारलं, "बीस मिनट पहले लाता तो?"  "भाई, ऐसा सोचा नहीं करते," ते म्हणाले, आणि खांद्यावर हात ठेवून गेले. ते 'नाही' म्हणाले असते तर मी आज झोपलो असतो.

पोलिसांची मला जेवढी धास्ती होती तेवढं काही घडलं नाही. एका अधिकाऱ्याने शांतपणे सगळं लिहून घेतलं. अबू सालेहने स्वतःहून सगळी हकीगत सांगितली. कागदपत्रं व्हायला अकरा दिवस लागले. मालक रोज माझ्याबरोबर कचेऱ्यांतून फिरला. पेटी विमानात चढली त्या दिवशी तो माझ्यासमोर रडला. अबू सालेहने ती जाहिरात काढून टाकली. लेथ अजून त्याच शेडमध्ये आहे, तो आता विकायचा नाही म्हणतो. माझ्यात मात्र एक नवीन खोड शिरली आहे. कुणी बोलता बोलता थांबलं की मला ते सोसवत नाही. कामगारांच्या कॅम्पात खोलीतला सोबती पुस्तक वाचत असला तरी मी विचारतो, "काय रे, बरं आहे ना?" परवा फोनवर माझी मुलगी उत्तर द्यायला जरा थांबली, तर मी ओरडलोच. "पापा, आय वॉज जस्ट थिंकिंग," ती म्हणाली.

दीड महिन्याने सुट्टी मिळाली तेव्हा भाऊंची बॅग घेऊन मी गुहागरला गेलो. सगळ्या वाटेत एकच घोकत होतो, की वहिनींना खरं सांगायचं. घराच्या पायरीवर पोचेपर्यंत दोनदा मागे फिरावंसं वाटलं. पडवीत बसलो, पाणी प्यालो, आणि एका दमात सांगून टाकलं: ते कळा सोसत बसले होते आणि मी समजलो भाव करतायत. वीस मिनिटं मी बघत उभा होतो, वहिनी. त्या रडतील, ओरडतील, मला उठून जायला सांगतील, कशालाही मी तयार होतो.

वहिनी म्हणाल्या, "भाव? यांनी?"

मग मी त्यांना सगळंच सांगितलं, ते गप्प बसणं, विकणाऱ्यांचं खाली येणं, आखिर कलाम.  शेवटी वहिनी म्हणाल्या, "भावजी, यांना भाव करता येत नव्हता. इथं कोळणीपुढंपण उभे राहायचे नाहीत, मला पुढं करायचे. परकी माणसं, परकी भाषा असली की घाबरायचे हो. भ्याले की असंच करायचे, बसायचे नि तोंड मिटायचे. मला फोनवर सांगायचे, आज मशीन बघायला जायचंय, पोटात गोळा आलाय. पण मंगेश असतो, तो बोलतो, म्हणून निभतं."

 म्हणजे त्या कुंपणाच्या आत बादलीवर बसलेला माणूस माझ्याएवढाच घाबरलेला होता. इतकी वर्षं आम्ही दोघं एकमेकांच्या धीरावर परक्यांच्या दारांत शिरत होतो, आणि दोघांकडेही तो नव्हता. "मग दुखत होतं तेव्हा तरी बोलायचं..." मी कसाबसा म्हणालो. "तेव्हा तर जास्तच भ्याले असतील," वहिनी म्हणाल्या. "तुम्हांला कसं कळणार? मला बायकोला कळायला बारा वर्षं लागली."

त्या उठल्या आणि मला परड्याकडच्या खोलीत घेऊन गेल्या. कोपऱ्यात जुन्या चादरीखाली एक लहान ड्रिल मशीन उभी होती. भाऊंच्या मागच्या सुट्टीत मोबाईलवरची जाहिरात बघून चिपळूणहून आणलेली. "हिचा भाव मी केला," वहिनी म्हणाल्या. "हे माझ्यामागे उभे. मी नऊ हजारांवरून सहावर आणलं, तर घरी येऊन म्हणतात, त्या माणसाला वाईट वाटलं असेल गो." कायमचं परत आल्यावर दारात छोटी कामं घ्यायची, एवढाच त्यांचा बेत होता. त्यांनी चादर काढली, घडी केली, आणि बटण दाबलं. मशीन फिरायला लागली. "पडून राहिली तर धरते, फिरत नाय म्हणाले होते. आठवड्यातून एकदा चालवायला सांगून गेलेत."  आवाज एकसारखा येत होता, कुठे अडखळत नव्हता.

"बसा तुम्ही, मी चहा टाकते," म्हणत वहिनी आत गेल्या. मशीन त्यांनी बंद केली नाही. मीही केली नाही.