निळ्या खड्यांची मालकीण

संतोषचा फोन आला तेव्हा मी चष्मा शोधत होते. "मावशी, आई गेली," एवढंच तो म्हणाला आणि मागे कुणीतरी मोठ्यानं रडू लागलं. कुसुम, माझी धाकटी बहीण. वर्षभर किडनीचं दुखणं चाललं होतं, त्यामुळे बातमी अनपेक्षित नव्हती. वाशिमहून शिरपूरला पोचले तर तिच्या कारखान्याच्या फाटकापासून घरापर्यंत माणसंच माणसं. मळेकरी, कृषी केंद्रांचे दुकानदार, कारखान्यातल्या बाया, लांबच्या जिल्ह्यांतून रातोरात निघून आलेले व्यापारी. मी ओट्यावर टेकले आणि मनात पहिला विचार आला तो हा, की माझ्या वेळी एवढी माणसं येणार नाहीत. आज सहा आठवड्यांनी हे लिहिताना लाज वाटते. पण कुसुमविषयी लिहायचं आणि हेच वगळायचं, तर मग लिहूच नये...

आमचे वडील मेडशीला मास्तर होते. मी पहिल्या नंबरची. कुसुम मॅट्रिकला गणितात दोनदा बसली आणि दोनदा राहिली. तिला शिरपूरच्या रामरावांना दिली. भाजीपाल्याचा मळा होता त्यांचा. मी एम.एस्सी. झाले, वाशिमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागले. घरात सगळं ठरून गेलं होतं : मी हुशार, कुसुम बिचारी. ती बाजाराच्या दिवशी मेथी-वांग्यांची थैली घेऊन यायची आणि आमच्या सोफ्याच्या अगदी कडेला बसायची. तेव्हा मी तिच्यावर फार माया करत असे. वर बसलेल्या माणसाला ते सोपं असतं.

एका वर्षी त्यांच्या टमाट्यांवर करपा आला. मोरचूद आणि चुना कालवून दोनदा फवारलं, तरी मळा जळतच गेला. कुसुम मोरचुदाची पुडी घेऊन थेट माझ्या प्रयोगशाळेत आली. मी तपासलं, तर निम्मी हिराकस, म्हणजे लोखंडाचा स्वस्त क्षार, निघाली. तिनं विचारलं, खरं मोरचूद बनतं तरी कसं? मग मीही जरा मिरवले. तांब्याच्या तारेचे तुकडे आम्लात तापवून विरघळवले, निळ्या पाण्यात दोरा सोडला, आठ दिवसांनी ये म्हटलं. आठ दिवसांनी दोऱ्याला बोराएवढा निळा खडा लागला होता. तो तळहातावर घेऊन ती खिडकीशी बराच वेळ उभी राहिली. म्हणाली, "ताई, हे तं मले बी जमंल." मी हसले होते.

तिला जमलं. जळलेल्या विजेच्या मोटारींतलं तांबं भंगारवाल्यांकडून आणायचं, मळ्याच्या बांधावर मातीच्या रांजणांत आम्ल तापवायचं, रामरावांनी जोडून दिलेल्या पंपानं त्यात हवा सोडायची... माल थोडा, पण चोख. आजूबाजूचे मळेकरी तिच्याच दारी येऊ लागले. मग जऊळक्याच्या रस्त्याला त्यांचं बरड शेत होतं, तिथं टिनाचं शेड उभं राहिलं. वडील तोवर निवृत्त होऊन तिच्याकडे राहायला गेले होते. माझी सर्टिफिकेटं चौकटीत लावणारे माझे वडील त्या शेडच्या दाराशी खाट टाकून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, हा कारखाना माया लेकीचा हाये.

रांजण पुरेनात म्हणून तिनं लोखंडी ड्रम आणले. त्यांत निळं पाणी थंड व्हायला ठेवलं की खडे हिरवट यायला लागले. तिनं मला बोलावून घेतलं. मी गेले तेव्हा दाराशी कुणी पाहुणे आले होते. वडिलांनी त्यांना कुसुमची सगळी हकीकत सांगितली आणि मी शेजारी उभी असताना माझी ओळख करून द्यायचं विसरले. विसरलेच, मुद्दाम नव्हे. मी आत गेले. ड्रमच्या आतल्या पत्र्यावर तांब्याचा लाल थर धरला होता. माझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलीनं सांगितलं असतं, की तांबं पत्र्यावर बसतंय आणि लोखंड पाण्यात उतरतंय. माल तर बिघडणारच, पण पत्राही झिजून जाणार. कुसुम माझ्या तोंडाकडे बघत होती.

"काहून हिरवं होऊन राह्यलं, ताई?"

"पुस्तकात पाहावं लागंल," मी म्हणाले.

एस.टी.त बसल्यावर वाटलं, दोन दिवसांनी कळवू. दोनाचे आठ झाले. तिसऱ्या आठवड्यात ड्रम हलवताना त्याचा तळ सुटला आणि नुकतंच ओतलेलं उकळतं पाणी तिच्या डाव्या पायावर आलं. महिनाभर ती वाशिमला दवाखान्यात होती. मी दोन्ही वेळचा डबा नेत होते. शेजारच्या खाटांवरच्या बायका म्हणायच्या, बहीण असावी तर अशी... आणि मी डबा उघडत राहायचे.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. तिनं स्वतःच शोधून शिशाचं अस्तर लावलेल्या टाक्या बसवल्या. मोरचुदामागून झिंक सल्फेट आलं. मग हिराकससुद्धा बनवली, पण वेगळ्या पोत्यात, वर हिराकस असंच छापून. कामावर बहुतेक बायाच. तपासणीला तिनं मुलगी घेतली तीही माझीच विद्यार्थिनी, आणि ती मुलगी मला रस्त्यात भेटली की मॅडमविषयी बोलायची. मॅडम म्हणजे कुसुम. कंपनीला नाव तिनं सासूचं दिलं, आमच्या आईचं नाही. त्यावर मी सहा महिने रुसले होते. माझ्या निरोप समारंभाला कॉलेजनं प्रमुख पाहुणी म्हणून तिला बोलावलं. ती लंगडत माइकपाशी गेली आणि म्हणाली, पयला खडा मले माया ताईनं दाखोला. सभागृहभर टाळ्या पडल्या. त्या तिला पडल्या. माझ्या खांद्यावर शाल होती आणि आत नुसती आग.

जाण्याआधी पंधरा दिवस मी तिच्याकडे गेले होते. दुपार होती, रामराव बाहेर गेले होते. मी तिचे पाय दाबत होते. डाव्या पायाची दोन बोटं भाजल्यापासून एकमेकांना चिकटलेली होती, तिथं माझा हात थांबला.

"कुसुम, त्या ड्रमाचं मले तवाच समजलं होतं."

तिनं पाय ओढून घेतला नाही. "मालूम हाये," ती म्हणाली. "दवाखान्यातून आल्यावर बाबांच्या पेटीतलं तुयं कॉलेजचं जुनं पुस्तक वाचलं मी. लोखंडावर तांबं बसते, त्या ओळीखाली तूच रेघ मारेल होती."

"मंग बोलली काहून नाही इतके वर्स?"

"बोलली असती तं तू यायची बंद झाली असती."

मी पाय दाबत राहिले. मला रडू यायला हवं होतं. पण आधी वाटलं ते एवढंच, की यातही हीच पुढे गेली.

तेरवीनंतर संतोषनं मला कारखान्याच्या तपासणीच्या खोलीत नेलं. तिथं एक लोखंडी कपाट आहे. प्रत्येक घाण्यातला, म्हणजे टाकीतून निघालेल्या प्रत्येक खेपेतला, मूठभर माल एकेका बाटलीत काढून ती त्यात ठेवायची, हे मला माहीत नव्हतं. बाटलीवर चिकटपट्टी, तिच्या मोठ्या वाकड्या अक्षरात घाण्याचा नंबर आणि खाली त्या दिवसाची एखादी ओळ. 'पाऊस. मोटर बंद.' 'बाबा आज जेवले.' 'संतोषले पोरगी झाली.' मी एकेक बाटली फिरवून पाहत गेले. 'ताई आली होती' असं नऊ बाटल्यांवर होतं. इतक्या वर्षांत नऊ. शेवटच्या खणातल्या एका बाटलीवरचं अक्षर पार थरथरलेलं होतं. संतोष म्हणाला, अंथरुणावर मागवून घेतली होती तिनं. तिच्यावर लिहिलं होतं, 'ताई बोलली.'

त्या दिवसापासूनच्या बाटल्या बिनपट्टीच्या राहिल्या होत्या. मी पेन मागितलं. नंबर लिहिला, आणि खाली काय लिहावं ते सुचेना. शेवटी 'ऊन आहे' लिहिलं. माझं अक्षर लहानपणापासून मोत्यासारखं. पण तिच्या त्या वाकड्या ओळींच्या शेजारी ती बाटली परकी दिसते. आता दर गुरुवारी मी जाते, कपाट उघडते, आणि अक्षर थोडं मोठं काढून पाहते...